देवाला आधी बरं सांगावं

मी एकदा दुसऱ्याच्या आवाजात प्रार्थना म्हटली. ज्या बाईने फसावं म्हणून म्हटली, ती त्या आवाजाची आई होती. एवढ्यावरून माझ्या अकलेचा अंदाज वाचकांनी आत्ताच बांधून टाकावा, म्हणजे पुढे मला पुन्हापुन्हा शरमावं लागणार नाही.

ती बाई म्हणजे रेजीनमावशी. ठाण्याच्या खाडीला लागून आम्हा किरिस्तांवांचा एक पाडा होता. मिठागराच्या बांधावरून चालत गेलं की आधी डुकरं दिसत, मग ताडाची झाडं, मग खुरीस, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. खुरीस म्हणजे चौथऱ्यावर उभा केलेला, चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस. त्या पाड्यावर पाद्रीबाबांनी शाळा काढली आणि मला तिथे मास्तर नेमलं. मी मूळचा कल्याणचा. थोडं इंग्रजी, थोडं लॅटिन आणि पुष्कळसा अहंकार एवढं सामान घेऊन मी तिथे उतरलो.

पोचलो तो दिवस शनिवारचा. शनिवारी संध्याकाळी देवळाची घंटा झाली (आम्ही आमच्या चर्चला देऊळच म्हणतो) की सगळा पाडा खुरसापाशी लदीन म्हणायला जमत असे. लदीन म्हणजे नावांची प्रार्थना. एकाने मरियामाऊलीचं, मग संतांचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, अशी ओ द्यायची. नाव, ओ. नाव, ओ. लॅटिन कुणालाच येत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. लदीन संपली की उकडलेल्या चण्यांचा टोप उघडायचा आणि ज्याच्या त्याच्या ओंजळीत गरम चणे पडायचे. लदीन चुकली तर देव रागावतो आणि चणे चुकले तर आपण, एवढं धर्मज्ञान पाड्यावरच्या लहान पोरालाही होतं.

नावं घ्यायचा मान रेजीनमावशीचा. बुटकी, काळीसावळी, विटलेलं लाल लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं, कानाच्या वरच्या पाळीतही सोन्याच्या बाळ्या. आवाज मात्र असा, की खाडीतल्या होडीवरच्या माणसाने वल्हं थांबवून ऐकावं. मी नवा मास्तर. आपण मागे राहू नये म्हणून डोळे मिटून, मान वर करून, छातीतून ओ देऊ लागलो. चार-दोन नावं झाली असतील, मावशी थांबली. मी डोळे उघडले तर ती माझ्याकडेच बघत होती.

"मास्तर, चण्यांकडे कुत्री जातात," ती म्हणाली. "तू तिकडं बस. टोप सांभाळ."

टोप खुरसापासून बराच लांब, चिंचेखाली चुलीवर ठेवलेला असे. शिक्षणाची योग्य ती कदर करणारा पाडा आहे, असं मी त्या रात्री कल्याणला आईला पत्रात लिहिलं. पुढे जितकी वर्षं मी तिथे राहिलो, तितकी वर्षं चण्यांपाशी बसायचा मान माझ्याकडेच राहिला.

मावशीचा मुलगा पास्कू पोटात असतानाच तिचा नवरा गेला होता. तिच्याकडे कोंबड्या होत्या आणि ठाण्याच्या साहेबलोकांच्या बंगल्यांवर ती अंडी पोचवायची. डोक्यावर टोपली, ओठांवर प्रार्थना. म्हणजे आपण जिला प्रार्थना म्हणू तशी नव्हे. शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं ती देवाशी बोलत चालायची. वाटेत कुणी भेटलं तर त्याच्याशी बोलायची आणि तो पुढे गेला की देवाशी राहिलेलं वाक्य पुरं करायची. त्यामुळे ती कुणाला काय म्हणाली याचा पुष्कळदा घोटाळा होई. "आता तरी सुधर," हे ती मला म्हणाली, असं समजून मी एकदा आठवडाभर तंबाखू सोडली होती. नंतर कळलं, बोलणं पावसाविषयी, वर देवाशी चाललं होतं.

तिचा एक नियम होता. देवापुढे बसलं की आधी बरं सांगायचं. मागणं, रडणं, भांडणं, सगळं नंतर. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, दिवसभर सगळं जग त्याच्याकडे रडगाणी घेऊन जातं, त्याचे कान किटले असतील. आधी काहीतरी बरं सांगितलं की तो बसून घेतो, मग आपलं ऐकतो. लदीन सुरू करायच्या आधीही ती हा नियम पाळायची. सगळ्यांच्या देखत एक बरी गोष्ट सांगायची, मग पहिलं नाव.

एका वर्षी उधाणाने खारबांध फुटला आणि कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. मावशीचंही गेलं. त्या शनिवारी माणसं खुरसापाशी आली ती नुसती मान खाली घालून. आज ही काय सांगते, हे ऐकायला सगळे कान टवकारून. मावशीने वर बघितलं.

"देवा, शेतात खेकडे मोप मिळाले," ती म्हणाली. "बरं, आता बांधाचं काय करतोस?"

मला चण्यांपाशी असं हसू फुटलं की झाकण हातातून सुटलं आणि टोपात माती गेली. त्या शनिवारी पाड्याने चणे धुऊन खाल्ले आणि मला नावं ठेवत खाल्ले. पण हसले सगळेच. दुसऱ्या दिवशी बांध घालायला घरटी माणूस आला.

यावरून ती सदा हसतमुख, गोडबोली बाई असावी असं कुणाला वाटेल तर तसं नाही. कोंबड्यांपायी तिने अर्ध्या पाड्याशी भांडण धरलं होतं. नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे, दारात बसून असे. दुःख झटकून टाकता येतं असं ती कधी म्हणाली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की दुःखाला बाहेर ठेवून देवापुढे बसायचं म्हटलं तर कधीच बसणं व्हायचं नाही; त्याला घेऊनच बसावं, तेही दमलेलं असतं.

आमची पहिली मुलगी तान्हेपणी गेली, त्या वेळी मला हे कळलं. येणारा प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणून जात होता आणि मला देवाचाही राग येत होता, येणाऱ्याचाही. मावशी आली ती सरळ चुलीकडे गेली. तिने पेज केली, बायकोला पाजली, भांडं विसळलं आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हणालो, मावशी, मला आज देवाला सांगायला काहीएक बरं सापडत नाही.

"नसंल तर नको सांगूस," ती म्हणाली. "मी तुझ्या वतीनं सांगतंय." आणि तिने तिथेच, जमिनीकडे बघत सांगितलं, "देवा, मास्तराची बायको आज पेज प्याली."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. एकाच्या वतीने दुसऱ्याने प्रार्थना करता येते, हे मी तेव्हा शिकलो. नको तिथे जाऊन ते वापरलं, हा माझा स्वभाव.

आता पास्कू. मावशीचा एकुलता एक. धिप्पाड, लाजरा, कल्याणला रेल्वेच्या मालगुदामात कामाला होता आणि रविवारसाठी शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. त्याचं हसू डाव्या गालातून निघायचं आणि उजव्या गालापर्यंत पोचायला वेळ लागायचा. त्याचं सगळंच उशिरा. लदिनीत सगळा पाडा 'ओरा प्रो नोबिस' म्हणून मोकळा झाला, की मागून एकट्या पास्कूचा 'बिऽस' यायचा, जरासा वर चढलेला, दार लावून घेताना कडी वाजावी तसा. पाद्रीबाबांनी त्याला वेळेवर म्हणायला शिकवून पाहिलं आणि सोडून दिलं. मावशीने तर त्याच्यासाठी जागाच ठेवली होती. सगळ्यांची ओ झाली की ती थांबायची, पास्कूचा 'बिऽस' आला की मगच पुढचं नाव. लोक कुरकुरले तर म्हणायची, "माझा लेक मागून येतो. पण येतो ना?"

त्याचं लग्न ठरलं होतं. पाऊस संपला की बार उडवायचा होता.

त्याच सुमाराला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. आधी मुंबईत आहे म्हणून ऐकत होतो, मग कल्याणच्या गुदामांत उंदीर मरून पडायला लागले, मग ठाण्यात तिरड्या दिसू लागल्या. एका शनिवारी पास्कू घरी आला तो चणे न खाताच निजला. सकाळी काखेत गाठ होती.

सरकारी माणसं आली. घरांची कौलं काढली, भिंतींना औषध मारलं आणि सगळा पाडा उचलून वरच्या माळावर चटयांच्या झोपड्यांत नेऊन ठेवला. प्रत्येक कुटुंबाची झोपडी वेगळी, एकमेकांपासून लांब. घोळका करायचा नाही, दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, असा हुकूम. माळाच्या एका अंगाला बांबूचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे आजाऱ्यांची लांब छपरी. तिथे एकदा नेलेल्या माणसाला बघायला आईलासुद्धा सोडत नसत. पास्कूला तिथे नेलं.

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना जायची मुभा पाड्यावरच्या एकट्या मला होती. डॉक्टर गोरा होता आणि त्याला दुभाष्या हवा होता. मला इंग्रजी येतं, अशी पाद्रीबाबांनी त्याची समजूत करून दिली होती. ती पहिल्या दिवशीच उतरली. पोटात दुखतं का, हे मी एका म्हातारीला विचारलं आणि तिने सुनेने काय काय केलं ते सविस्तर सांगितलं. मी डॉक्टरला त्यातलं सगळं सांगायचा प्रयत्न केला. पण दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी टिकलो.

मी छपरीतून बाहेर आलो की सगळे आपापल्या दारातून मला विचारायचे, आमचा कसा आहे? आणि मी सगळ्यांना सांगायचो, बरा आहे, आज बरा आहे. तोंडावर वाईट सांगायची माझी छाती नव्हती. दोन दिवसांत माझ्या 'बरा आहे'ची किंमत उरली नाही. मावशीने तर मला विचारलंच नाही. तिच्याजवळ दुसरी सोय होती.

पहिल्या संध्याकाळी खालच्या रिकाम्या पाड्यापलीकडून देवळाची घंटा ऐकू आली. खुरसापाशी जायला बंदी. मावशी आपल्या झोपडीच्या दारात बसली, पदर डोक्यावरून घेतला.

"देवा," ती मोठ्याने म्हणाली, "माळावर वारा बरा हाय."

आणि तिने पहिलं नाव घेतलं. मग एका झोपडीतून ओ आली, मग दुसऱ्या, मग सगळ्या माळावरून, दारादारातून. घोळका केला नव्हता, कुणी जागचं हललं नव्हतं. पहाऱ्यावरचा शिपाई नुसता इकडून तिकडे बघत राहिला. त्याला हुकुमात या गोष्टीसाठी काही सापडेना. आणि सगळ्यांची ओ विरली, मावशी थांबली, तेव्हा कुंपणापलीकडून, छपरीतून, उशिरा, बारीक, पण अगदी स्पष्ट आला. 'बिऽस.'

मी तेव्हा तिच्या दारासमोरच होतो. इतकं उजळलेलं तोंड मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी लदीन व्हायची. छपरीतल्या ज्याला शक्ती असेल तो तिथून ओ द्यायचा, आणि प्रत्येक झोपडी आपलं माणूस त्या आवाजांत शोधायची. माझ्यापेक्षा लदीन खरं बोलायची. एखादा आवाज एका संध्याकाळी आला नाही की त्या घरचे लोक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे न विचारता नुसते बघायचे. मावशीचा 'बिऽस' मात्र येत होता. रोज थोडा अधिक उशिरा. मावशी तेवढी अधिक थांबायची.

मग ती संध्याकाळ आली. पास्कूला सकाळपासून शुद्ध नव्हती. मी त्याच्या चटईशी बसून ओठांवर पाणी सोडत होतो. घंटा झाली, कुंपणापलीकडून मावशीचा आवाज आला, पहिलं नाव, सगळ्या माळाची ओ. आणि मग शांतता. मावशी थांबलेली. मी पास्कूकडे बघितलं. श्वास चालू होता, बाकी काही नव्हतं. मावशी थांबलेलीच. कुणी खोकलं नाही, कोंबडंसुद्धा ओरडलं नाही. सगळा माळ एका 'बिऽस'साठी खोळंबला होता आणि तो येणार नव्हता.

मला तिची पेज आठवली. तुझ्या वतीनं सांगतंय, हे आठवलं. मी भिंतीच्या चटईला तोंड लावलं आणि पास्कूसारखा, उशिराचा, वर चढवलेला 'बिऽस' सोडला.

दोन गोष्टी झाल्या. छपरीत पास्कूचा डावा गाल हलला. जरासाच, पण हलला. तो हसला, असं मला वाटलं. मागे उभ्या असलेल्या डॉक्टरला मी ते दाखवलं, तर तो म्हणाला, तापात स्नायू असे ओढले जातात, त्याला काही अर्थ नाही. आणि बाहेर मावशीने पुढचं नाव घेतलं. मी पुन्हा तयार होऊन बसलो, पण या खेपेला सगळ्यांची ओ झाल्याबरोबर तिने लगेच तिसरं नाव घेतलं. मग चौथं. त्या संध्याकाळी तिने पुन्हा कुठेच जागा सोडली नाही. मावशीची खात्री पटली, आता तिला थांबायची गरज वाटत नाही, असा मी अर्थ लावला आणि स्वतःवर फार खूष झालो. तिला कसली खात्री पटली होती, हे माळावर माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

पास्कू दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं वर आल्यावर गेला.

मी मावशीच्या झोपडीकडे निघालो तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं दारात विसरलो. तिने माझ्याकडे न बघता दाणे टाकून संपवले, हात झटकले.

"पाणी प्यालेला?" तिने विचारलं.

"हो."

"हाताला कोन होतं?"

"मी होतो, मावशी."

तिने मान हलवली आणि आत गेली. गालाचं मी बोललो नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, त्याला अर्थ नाही. आणि खोटा दिलासा देऊन झाला होता आदल्याच संध्याकाळी.

माळाच्या टोकाला चुन्याच्या खड्ड्यात त्याला ठेवलं. पाद्रीबाबांनी लांबून पाणी शिंपडलं. मावशी कुंपणाच्या अलीकडे उभी होती. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी लिहीत नाही.

संध्याकाळी घंटा झाली. सगळे दारात येऊन बसले होते. मावशीचं दार मिटलेलं. आज लदीन व्हायची नाही, असं मनात म्हणून कुणीकुणी उठूही लागले. मी कुंपणापाशी उभा होतो आणि खरं सांगायचं तर देवापेक्षा मावशीला भीत होतो. तिने आज काही बरं सांगितलं नाही, तर माळावरच्या कुणाजवळच सांगण्यासारखं काही उरणार नव्हतं. आणि ती सांगणार काय? खेकडे?

दार उघडलं. ती आली, बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. वाऱ्याने चटया वाजत होत्या. तिने वर बघितलं.

"देवा," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "आज माझ्या पास्कूला ताप नाय."

मग तिने पहिलं नाव घेतलं. लोकांनी ओ दिली ती कशीबशी. माऊलीची नावं झाली, साथीत ज्यांचा धावा करायचा ते सां सेबास्तियांव आणि सां रोक झाले. इथे लदीन संपायची. पण मावशी थांबली नाही. श्वास घेतला आणि त्याच सुरात, त्याच चालीवर, संतांच्या पाठोपाठ तिने हाक घातली.

"माझ्या पास्कू."

माळावर कुणी ओ दिली नाही. असं नाव लदिनीत कधी कुणी घेतलं नव्हतं. द्यावी की देऊ नये, पाप तर नाही ना, हेच जो तो शेजारच्या झोपडीकडे बघून ठरवत होता. मावशी थांबून राहिली. मग ओ आली ती कुंपणापलीकडून. छपरीतून, पास्कूच्या चटईच्या बाजूच्या कुणाची तरी, घशातून ओढून काढल्यासारखी: "ओरा प्रो नोबिस." आणि मग सगळ्या दारांतून एकदम, इतक्या मोठ्याने, की शिपायाने टोपी काढली. आमच्यासाठी विनंती कर. काल ज्याच्यासाठी सगळे विनंती करत होते, त्याला आज सगळे म्हणत होते, आता तू आमच्यासाठी कर.

तिने त्या संध्याकाळी चणेही उकडले होते. वाटायला जायला बंदी, म्हणून मी दारोदार पोचवले. सणाला घालतात तसं त्यात खोबरं घातलेलं होतं.

साथ ओसरेपर्यंत लदीन लांबत गेली. जो जाईल त्याचं नाव दुसऱ्या संध्याकाळी मावशी घ्यायची आणि त्याच्या घरचे सगळ्यांत मोठ्याने ओ द्यायचे. मी छपरीत बसायचो तेव्हा पाहायचो, हाक सुरू झाली की आजारी माणसं माना वळवून ऐकायची. एक म्हातारा मला म्हणाला, मास्तर, तिला माझं पुरं नाव सांगून ठेव, घरचे नुसतं टोपणनावानेच बोलवतात. तो घाबरलेला नव्हता. मी त्या छपरीत भीती पुष्कळ पाहिली, पण घंटा झाल्यापासून चणे येईपर्यंत कधी पाहिली नाही.

हे पाद्रीबाबांच्या कानावर गेलं. ते कुंपणाशी आले आणि त्यांनी मावशीला समजावलं, की संत ठरवायचे ते धर्मसत्तेने, आपण नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठं संत करतंय, पाद्रीबाबा?" ती म्हणाली. "मी हाक घालतंय. जिवंतपणी हाक मारली की ओ द्यायची ती माणसं. आता देवाजवळ जाऊन बहिरी झाली काय?"

त्या संध्याकाळी परतायला पाद्रीबाबांना उशीर झाला. पास्कूच्या नावाला कुंपणाकडून जी भारदस्त ओ आली, ती कुणाची हे सगळ्यांनी ओळखलं आणि कुणी वळून बघितलं नाही.

साथ गेली. पाडा खाली उतरला, कौलं पुन्हा चढली, शाळा भरू लागली. शनिवारची लदीन खुरसापाशी सुरू झाली आणि मी टोपापाशी. मावशीने जागा सोडायचं पुन्हा धरलं होतं. सगळ्यांची ओ झाली की ती क्षणभर थांबायची, मग पुढचं नाव. बाहेरून आलेल्याला वाटे, म्हातारी दम घेते.

पुढे माझी नेमणूक कल्याणला झाली. निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मावशी आता पुष्कळ थकली होती, हाताला काठी आली होती. लदिनीच्या आधी तिने देवाला सांगितलं, की मास्तर जातोय, त्याला तिकडे चांगली शाळा मिळाली. लदीन झाली, चणे वाटले, माणसं पांगली. ती खुरसाच्या पायरीवर एकटी बसून चणे खात होती. मी जाऊन खाली बसलो. जाण्याआधी एक गोष्ट तिच्या स्वाधीन करायची होती. ती माझी नव्हती, तिची होती.

मी म्हणालो, मावशी, त्या संध्याकाळी छपरीतून ओ आली, ती मी दिली होती.

"मना ठावं हाय."

ती खात राहिली. मी म्हणालो, "तेव्हा तो हसला, मावशी. मी ओ दिली आणि पास्कू हसला. डॉक्टर म्हणाला, तापाने असं होतं, अर्थ नसतो. म्हणून इतके दिवस बोललो नाही."

तिचं चावायचं थांबलं. खाडीवरून वारा येत होता. ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्यातून पलीकडे कुणाकडे तरी बघावं तशी.

"कंच्या गालानं?" तिने विचारलं.

"डाव्या."

तिने डोळे मिटले. पाणी सुरकुत्यांतून खाली येऊ लागलं आणि ते तिने पुसलं नाही. मग तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय असं समजून मी हात पुढे केला, तर ती हसत होती. पोट धरून, तोंडातले चणे सांभाळत, खुरसाला पाठ टेकून हसत होती.

"हासंल नाय तर काय करंल?" ती म्हणाली. "तू गायलास ना त्याच्या कानाशी. मेल्या, मी तुला इतकी वर्सं चण्यांपाशी काय उगाच बसवलंय?"